हं म्हणणारी

१

"आप्पांच्या घरात दुपारची एक बाई असती, मामा. दिसत न्हाय कुणाला, पण असती. आन् ती कोण म्हाईत हाय का? ती..."

एवढ्यात गुरुसिद्धप्पानं खटका दाबला, पट्टा फिरला आणि गिरणी घरघरायला लागली.

चांगुणा गिरणीच्या दारातच थबकली. कमरेवर ज्वारीचा डबा, एक पाय आत, एक बाहेर. समोर अपेक्षा हातवारे करत पुढचं सगळं सांगत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, गुरुसिद्धप्पाच्या पांढऱ्या भुवया वर चढताना दिसत होत्या, शेवटी त्यानं छातीवर हात ठेवून "यव्वा!" केलेलंही दिसलं. ऐकू मात्र घरघरीशिवाय काही येत नव्हतं. चांगुणा पुढं सरकेपर्यंत अपेक्षाचं दळण झालं, डबा झाकला आणि "येते हं काकू" म्हणून ती निघूनही गेली.

"काय म्हणत होती ओ ती?" चांगुणानं ओरडून विचारलं.

"काय न्हाई वैनी. पोरीबाळींच्या गप्पा." गुरुसिद्धप्पा म्हणाला. नखशिखांत पीठ लागलेला तो माणूस एरवीही भुतासारखा दिसायचा. आज त्याला स्वतःलाच भूत दिसल्यासारखा दिसत होता.

चांगुणाला राग भुताचा आला नाही. राग आला तो याचा, की गल्लीतली बातमी आजवर तिच्या दारातून बाहेर पडायची आणि मग गिरणीवर जायची. ही बातमी गिरणीवर आधी आली होती. आणि बातमी कुणाची? आप्पांची. ज्यांच्या आणि तिच्या घरात एक भिंत सोडली तर दुसरं काही नव्हतं.

२

जुळे सोलापुरातल्या त्या सोसायटीत सगळी बैठी घरं, एकाची भिंत तीच दुसऱ्याची. चांगुणाचा नवरा दिपक चिंचोळी एमआयडीसीत कामाला, लेक तेजश्री पुण्यात नोकरीला. सकाळचा डबा करून दिला की दिवसभर घर तिचं आणि गल्लीही तिचीच.

पलीकडं आप्पा आणि त्यांची बायको बजाबाई. आप्पा एसटीतले निवृत्त कंडक्टर. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा त्यांनी अजून जपून ठेवला होता. दुसरी जपणूक दिवाळी अंकांची. नव्या पेठेच्या मागं एक रद्दीवाला होता, त्याच्याकडून ते पिशव्या भरभरून अंक आणायचे आणि त्यातल्या फक्त कथा वाचायचे.

"कादंबरी नको, चांगुणाबाई," ते म्हणायचे. "कादंबरी म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, मधीच झोप लागती. कथा म्हणजे आडगावात शिरणारी गाडी. दोन माणसं चढतेत, चार उतरतेत. उतरलेला माणूस परत दिसत न्हाय, पण त्याचं गाठोडं आपल्या मांडीवर राहतंय."

वाचायची त्यांची रीत मोठ्यानं. दुपारची जेवणं आटपली, की खाटेवर बसून, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. एक भाग संपला की चिमटा एकदा वाजायचा, टिक. म्हणजे गाडी थांबली. ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं. मग टिक-टिक, चला पुढं. त्यांचे आजोबा मंद्रूपला असंच सांगायचे म्हणे. हुंकार आला नाही तर आजोबा तिथंच उठून गोठ्यात जायचे. मनातल्या मनात वाचणं आप्पांना जमायचंच नाही. ते म्हणायचे, ती रिकामी गाडी.

आणि गंमत अशी, की हं म्हणायला घरात होती एकटी बजाबाई, आणि वाचन सुरू झालं की ती शेंगांची परडी घेऊन उठायची ती थेट चांगुणाकडं. "ह्यांची एसटी सुटली बाई," म्हणायची, "मला गाडी लागती." चांगुणाच्या घरात तिची जागा ठरलेली, त्या मधल्या भिंतीला पाठ टेकून. दातानं शेंग फोडायची, टरफलांचा एक ढीग, दाण्यांच्या लाल सालींचा दुसरा. चांगुणा बोलत राहायची, ती "हं, हं" करत राहायची. लई जीवाची बाई. एकदा चांगुणानं नुसतं सांगितलं होतं की गॅस सिलेंडर संपला, तर बजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गेल्या दिवाळीआधी ती गेली. त्यानंतर आप्पांची एसटी बंद झाली. थंडी सरता सरता परत सुरू झाली.

आता दुपारी चांगुणा त्याच जागी बसायची. आधी फक्त म्हातारा बरा आहे ना हे बघायला, म्हणजे ऐकायला. मग सवय लागली. सातवीनंतर तिनं तिकिटाएवढंसुद्धा काही वाचलं नव्हतं आणि आता भिंतीतून एकेक माणूस तिच्या स्वयंपाकघरात येऊन राहायला लागलं. छत्री उसनी घेऊन परत न करणारा मास्तर. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नात स्वतः पोळ्या लाटणारी बाई. कुत्र्याला पत्ता विचारणारा कारकून. जुन्या कथा पोट भरून पाठवायच्या. नव्या कथा अर्ध्या ताटावरून उठवायच्या. आप्पा पान उलटायचे तर पलीकडं मसाल्याची जाहिरात निघायची. पहिल्यांदा चांगुणा चिडली. "अरे, पुढं काय झालं त्या बाईचं?" मग कळलं, की पुढचं आपणच भाकऱ्या थापताना करायचं असतं. त्या आठवड्यात तिच्या बऱ्याच भाकऱ्या करपल्या. "ह्या भाकरीत कुठली गोष्ट हाय?" असं दिपक विचारायला लागला.

म्हणजे रोज दुपारी तिची पाठ त्या भिंतीला लागलेली. मग अख्ख्या गल्लीला ऐकू आलेली बाई फक्त तिलाच कशी ऐकू आली नव्हती?

३

अपेक्षाला तिनं तिच्या गच्चीवरच गाठलं. ती कुरडया उन्हात घालत होती.

"अर्धं सांगून पळालीस व्हय गं? अर्धं सांगणं म्हणजे अर्धी भाकरी पोटात आन् अर्धी घशात."

"काकू, तुमाला म्हाईत न्हाय?" अपेक्षाला खरंच नवल वाटलं. "लाइट जाती ना दुपारची, सगळ्यांचे कूलर बंद पडतेत, तवा हितं समदं ऐकू येतं. आप्पा वाचतेत. मग थांबतेत. चिमटा वाजतो. आन् मग एक बाई म्हणती, 'हं'."

"बाई?"

"बाईच. खोल आवाज. भिंतीतनं आल्यासारखा. मग आप्पा पुढं वाचतेत. आप्पांच्या घरात बाई कुटं हाय, सांगा? एकच होती." अपेक्षानं आवाज खाली आणला. "बजाकाकू गोष्ट ऐकायला येतेत."

उन्हात उभ्या चांगुणाच्या पायाला गच्ची भाजत होती आणि पाठीला गार लागत होतं. पण तिचं घर असल्या गोष्टी मानणारं नव्हतं. बैठकीत बुद्धाची मूर्ती, शेजारी हातात पुस्तक घेतलेल्या बाबासाहेबांचा फोटो. तिच्या सासऱ्यांनी पिंपळावरचं भूत बघायला अख्खी वस्ती कंदील घेऊन नेली होती आणि वटवाघूळ दाखवून परत आणली होती.

"भूत-बित काय नसतं," ती ठामपणे म्हणाली.

"मग हं कोण म्हणतं?"

याचं उत्तर चांगुणाकडं नव्हतं. आणि उत्तर नसताना गप्प बसणं हेही तिच्याकडं नव्हतं. खाली उतरताना तिला जिन्यात कुणी भेटलं, तिनं सांगितलं. भाजीच्या गाड्यावर कुणी भेटलं, तिनं सांगितलं, आणि सांगताना बजाबाईच्या अंगावर आपोआप हिरवं लुगडं आलं. संध्याकाळपर्यंत बांगड्याही वाजायला लागल्या. दुसऱ्या दिवशी बातमी मंद्रूपला आप्पांच्या भावकीत पोचली आणि तिथून पुण्याला.

शिवराजचा, म्हणजे आप्पांच्या मुलाचा फोन तिलाच आला.

"मावशी, तुम्ही शेजारी आहात, खरं सांगा. आप्पा आईशी बोलतात का? भावकीतले लोक म्हणतात त्यांना भास होतात. आई हिरवं लुगडं नेसून येते म्हणे."

"लुगड्याचं मला काय म्हाईत न्हाय," चांगुणा घाईनं म्हणाली.

"मी शनिवारी येतोय. तसं असेल तर त्यांना इकडंच आणतो. एकट्याला ठेवणं बरोबर नाही. ती रद्दी तेवढी कुणाला देता येईल का बघा. इथं फ्लॅटमध्ये जागा नाही."

फोन ठेवल्यावर चांगुणा बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिली. आप्पा जाणार. अंक जाणार. चिमटा जाणार. आणि दुपार तेवढी राहणार.

४

शेंगाचटणीची वाटी हे कुठल्याही घरात शिरायचं सगळ्यात सोपं कारण. चांगुणा ती घेऊन आप्पांकडं गेली.

खोली तीच होती. खाट, खाटेखाली अंक, खिडकीत अंक, बजाबाईच्या शिलाई मशिनीवर अंक. पंखा असा फिरत होता की वरचं पान उचलायचं आणि परत पडायचं, कुणी वाचता वाचता थांबल्यासारखं. मधल्या भिंतीशी मात्र काहीच ठेवलेलं नव्हतं. सगळ्या खोलीत तेवढी एक भिंत मोकळी होती.

"आप्पा," चांगुणानं वाटी पुढं केली, "तुमी दुपारी कुणाला वाचून दावता ओ?"

"बजाला," आप्पा म्हणाले. चटणी बोटानं चाखली. "लसूण जरा जास्त झालाय."

चांगुणाला बसावंसं वाटलं. बसायला शिलाई मशिनीचं स्टूल होतं, त्यावर मात्र ती बसली नाही.

"जित्तेपणी एकदाबी ऐकलं न्हाय बघा," आप्पा बोलत राहिले, दूधवाल्याबद्दल बोलावं तसे. "गाडी लागती म्हणायची, तुमच्याकडं पळायची. मग माझा मीच हं म्हणून गाडी रेटायचो. ती गेल्यावर वाटलं, आता कुणासाठी वाचायचं. एकदा सहज वाचलं. चिमटा वाजवला, हाताची सवय. आन् हं आलं."

"कुटनं?"

आप्पांनी चटणीचं बोट वर केलं आणि मोकळ्या भिंतीकडं दाखवलं.

"मी काय येडा न्हाय, चांगुणाबाई. म्हाईत हाय मला, मेलेलं माणूस येत नसतंय. पण हं आलं की गाडी सोडावी लागती. प्रवासी कोण हाय, हे कंडक्टर बघत न्हाय."

"शिवराज न्यायला येणार हाय तुमाला."

"येऊ दे. नेलं तर जाईन. पण तितं हं कोण म्हणणार?" त्यांनी चिमटा उचलून उगाच एकदा दाबला. टिक. दोघंही भिंतीकडं बघत राहिले. भिंत गप्प होती. भिंतीच्या पलीकडं चांगुणाचं स्वयंपाकघर होतं आणि त्यात त्या वेळी कुणीच नव्हतं.

५

घरी येऊन तिनं डोकं चालवलं. हं भिंतीतून येतं. भिंतीच्या या बाजूला रोज कोण असतं? मी. मग मला ऐकू का येत नाही?

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या जागी बसली, पण आज तिनं तोंडात कडक भाकरीचा चांगला मोठा तुकडा धरला. चावायचा नाही, गिळायचा नाही, नुसता धरायचा. सोलापूरची कडक भाकरी. ती तोंडात असताना माणसाला स्वतःचं नावही सांगता येत नाही.

पलीकडं आप्पांनी नवी कथा काढली. एका आडस्टेशनावरच्या स्टेशनमास्तरची. त्याच्या घरात रोज एक ताट जास्त वाढलं जातं. बायको म्हणते मी नाही वाढलं. पोरं म्हणतात आम्ही नाही. ताट मांडलेलं असतं, आणि जेवणं झाली की तेही जेवून झालेलं असतं. टिक.

चांगुणा भाकरी दाताखाली धरून डोळे मिटून बसली होती. ते ताट तिला दिसत होतं, काठाला जरा चेपलेलं. कोण जेवत असेल?

"हं."

ती दचकली. आवाज अगदी जवळून आला होता. इतका जवळून, की तो तिच्याच नाकातून भाकरीला वळसा घालून बाहेर पडला होता.

टिक-टिक, पलीकडं आप्पांनी गाडी सोडली.

चांगुणानं भाकरी काढली आणि पदर तोंडावर धरून इतकी हसली, की उचकी लागली. म्हणजे इतके दिवस मीच! गोष्टीत गुंतलं की तिचं तिलाच कळत नव्हतं. आई जात्यावर बसून सांगायची तेव्हापासूनची घशाची सवय ती. गल्लीतलं भूत म्हणजे पदराला हळद लागलेली चांगुणा दिपक, शिक्षण सातवी पास. हिरवं लुगडं नेसवून तिनं स्वतःलाच गल्लीभर फिरवून आणलं होतं.

हसू ओसरल्यावर दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे, हे शिवराजला सांगितलं की आप्पांना भास होत नाहीत हे सिद्ध होत होतं. आप्पा इथंच राहतील, गोष्टी इथंच राहतील. पण आप्पांची बजा मात्र जाणार, दुसऱ्यांदा. आणि या वेळी तिला नेणारी चांगुणाच असणार.

दुसरी गोष्ट अगदी बारीक, दातात अडकलेल्या तुसासारखी. मागं एकदा नणंदेच्या नातवाच्या बारशाला ती दिवसभर मंद्रूपला गेली होती. परत आली तेव्हा अपेक्षा सांगत होती, आज दुपारभर लाइट नव्हती, आप्पांची गोष्ट लई छान ऐकू आली. आणि भिंतीतून हुंकार आल्याशिवाय आप्पा आता पुढं वाचत नाहीत.

अपेक्षाचा दिवस चुकला असेल. पोरीला कालचं आठवत नाही. चांगुणानं भाकरीचा उरलेला तुकडा चहात बुडवून खाल्ला आणि तो विषय तिथंच संपवला.

तेवढ्यात पलीकडं आप्पा खोकले. "राहिलेलं उद्या," असं भिंतीला सांगून त्यांनी अंक मिटला. ताटावर कोण बसतं ते राहूनच गेलं.

६

शनिवारी दुपारी शिवराज आला तेव्हा गल्ली आधीच जमली होती. अपेक्षा कुरडया विकायच्या निमित्तानं, गुरुसिद्धप्पा न विसरलेलं पीठ पोचवायच्या निमित्तानं. दिपक कामावर गेला होता. जाताना त्यानं बजावलं होतं, "आज तोंड सांभाळ." चांगुणानं घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि आप्पांच्या दारात जाऊन उभी राहिली.

बॅग भरलेली होती. खाटेखालचे अंक सुतळीनं बांधलेले होते. एकच अंक आप्पांच्या मांडीवर होता.

"शिवराज," चांगुणा म्हणाली. "ते हं माझं हाय."

"काय मावशी?"

"मी ऐकते. भिंतीला टेकून. रोज. गोष्ट लई रंगली की माझ्या तोंडनं हं निघतं, मला कळतबी न्हाय. तुझ्या वडलांना भास-बिस काय झाला न्हाय. त्यांना खरंच ऐकू आलं. माझं." एका दमात सांगून टाकलं. "आन् लुगड्याचंबी मीच."

अपेक्षाच्या हातातली पिशवी खाली आली. गुरुसिद्धप्पा पिठातून हसायला लागला. "यव्वा, वैनी! भूत भाड्यानं देता व्हय?"

चांगुणा मात्र आप्पांकडं बघत होती. ते रागावले नाहीत. फक्त मांडीवरचा अंक त्यांनी सरळ केला, उगाचच.

"म्हणजे बजा न्हाय," ते म्हणाले.



"बरं." त्यांनी चिमटा हातात घेतला. "मग असं चोरून कशाला? हितं येऊन बसा की समोर. फुकट्या प्रवाशानं टपावर बसायची गरज न्हाय."

"खरंच मावशी, बसा," शिवराजही म्हणाला. "मला बघू दे तरी."

चांगुणा सगळ्यांसमोर, भिंतीला पाठ करून बसली. शिवराज दाराशी, बाकीचे उंबऱ्यात. आप्पांनी स्टेशनमास्तर जिथं सोडला होता तिथून उचलला.

बायको म्हणते, जास्तीचं ताट राहू दे, पोटच भरतंय कुणाचं तरी. टिक. "हं," चांगुणा लाजत म्हणाली. सगळे हसले. टिक-टिक. मास्तरला रात्र रात्र झोप नाही. टिक. "हं." आता कुणी हसलं नाही. आप्पांचा आवाज खाली उतरत होता. उंबऱ्यातली माणसं एकेक पाऊल आत आली होती, गुरुसिद्धप्पाच्या अंगावरचं पीठ कुणाला लागतंय याकडंसुद्धा कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी मास्तर बायकोला म्हणतो, आज एक ताट कमीच वाढ, बघू या कोण उपाशी राहतं. बायको एक ताट कमी वाढते. इकडं खोलीतली लाइट गेली. पंखा मंदावत थांबला. पलीकडच्या गल्लीतले कूलरसुद्धा एकेक करून गप्प झाले. सगळे जेवायला बसतात. बायको बसते, पोरं बसतात, सगळ्यांपुढं ताट असतं. आणि ज्याच्यापुढं ताट नाही असा एकच माणूस उभा असतो, तो स्टेशनमास्तर.

टिक.

चांगुणानं पदराचा बोळा दातात घट्ट धरला होता. भीतीनं. दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबून धरलं होतं.

"हं."

"बघा," शिवराजनं सुटकेचा श्वास सोडला. "मावशींचाच आवाज. उगाच काय काय उठवतात लोक." गुरुसिद्धप्पानं मान डोलावली, अपेक्षानं कपाळावर हात मारून घेतला. ते बाजूला होते, पदराआडचं चांगुणाचं तोंड त्यांना दिसत नव्हतं.

आप्पांचं तोंड मात्र तिच्याकडं होतं. त्यांनी तिचं दाबून धरलेलं नाक-तोंड बघितलं. मग त्यांची नजर तिच्या डोक्यावरून हळूच वर गेली आणि भिंतीवर थांबली.

गोष्ट संपली होती. पुढं पानच नव्हतं. तरी त्यांनी चिमटा उचलला आणि दोनदा वाजवला. टिक-टिक.

७

शिवराज एकटाच पुण्याला परत गेला. अंकांची सुतळी त्यानंच सोडून दिली.

चांगुणानं घराचं कुलूप उघडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुलूप जसं लावलं होतं तसंच होतं. मागचं दार आतून लावलेलं. स्वयंपाकघरात सकाळी घासलेली भांडी पालथी. तिनं बुद्धाच्या मूर्तीकडं बघितलं, फोटोकडं बघितलं आणि स्वतःला सांगितलं, गच्चीवरून कुणीतरी केलं असेल. अपेक्षाची सासू असेल. आवाज भिंतीतून कसाही फिरतो.

मग तिची नजर खाली गेली.

मधल्या भिंतीच्या बुडाशी शेंगांच्या टरफलांचा एक लहानसा ढीग होता. सकाळी झाडताना राहिला असेल. शेंगा घरात असतातच. चटणीला शेंगा फोडल्या होत्याच की.

ढिगाच्या शेजारी, बोटभर अंतरावर, लाल सालींचा दुसरा ढीग होता.

चांगुणा ओट्याला टेकून उभी राहिली. भीती वाटायच्या आधी तिला ती सिलेंडरची दुपार आठवली. सिलेंडर संपला म्हणून सांगितलं आणि बजाबाई रडली. दुसऱ्या एका दुपारी तेजश्रीला ताप आल्याचं सांगितलं आणि ती खुदकन हसली, तेव्हा चांगुणाला राग आला होता. त्या सगळ्या वेळी पलीकडं आप्पांची एसटी चालू होती. बजाबाईची पाठ भिंतीला होती. कान कुठं होता, हे चांगुणानं कधी विचारलंच नव्हतं. चांगुणाच्या बडबडीत ते हं कधीच नीट बसायचं नाही, जरा आधी नाही तर जरा नंतर यायचं.

ती तशीच आप्पांच्या दारात गेली.

"आप्पा, बजाबाईला गाडी लागत नव्हती ओ."

आप्पा खाटेवर बसून होते. त्यांनी मान वर करून मोकळ्या भिंतीकडं बघितलं.

"समोर बसून ऐकलं असतं तर मी लई फुगलो असतो," ते म्हणाले आणि हसले. डोळे पुसले. "म्हणलं होतं ना, हितं येऊन बसत जावा? तसं करू नका. तुमी तुमच्याच घरी बसा, चांगुणाबाई." चिमटा त्यांनी मांडीवर ठेवला. "तिला सोबत."

८

पुढच्या दळणाला गिरणीवर अपेक्षाच भेटली.

"काय काकू, आता तरी खरं सांगा. आप्पांच्या घरात काय न्हाय ना?"

"आप्पांच्या घरात?" चांगुणानं डबा खाली ठेवला, पदर सारखा केला. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडं अशी बातमी होती जी गल्लीला पुरून उरली असती, आणि ती तिला कुणालाच द्यायची नव्हती. "आप्पांच्या घरात काय सुद्धा न्हाय. मी स्वतः बसून बघितलंय. पण..."

"पण काय?" अपेक्षा पुढं सरकली. गुरुसिद्धप्पाचा हात खटक्यावरच थांबला.

चांगुणानं स्वतःच हात लांबवला आणि खटका दाबला. पट्टा फिरला, गिरणी घरघरायला लागली. अपेक्षा काहीतरी ओरडून विचारत होती. गुरुसिद्धप्पाही विचारत होता. चांगुणानं कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली, दळण नंतर नेते असं हातानंच सांगितलं आणि उन्हातून भराभर घराकडं निघाली.

जेवणं आटपायची वेळ झाली होती. आप्पांनी आज नवा अंक काढला होता. आणि उशीर झाला की भिंतीजवळची चांगली जागा जाते.